नदी आली!

आपल्या सोलापूर भागात पुराला एक साधा बोलीतला शब्दप्रयोग आहे. 'नदी आली' असं आपण म्हणतो. माझ्या घरच्या दखनीतही 'नद्दी आयी' असंच म्हणतात. बारमाही वाहत्या नदीकाठी राहणाऱ्याला हे बोलणं जरा विचित्र वाटेल. नदी तर तिथेच असते, ती येणार कुठून? पण आपल्याकडे सीना, माण, बोरी, भोगावती, हरणा या नद्या वर्षातले कितीतरी महिने वाळूचे पट्टे होऊन पडलेल्या असतात. माणसं त्यातून चालत पलीकडे जातात, गुरं त्यात बसतात. मग एखाद्या रात्री वरून आवाज येतो आणि कुणीतरी ओरडतं, 'नदी आली!' आज मला बोलायचं आहे ते या दोन शब्दांच्या इतिहासाविषयी.

तुम्ही म्हणाल, सोलापूर हा दुष्काळाचा मुलूख, इथे पुराचा इतिहास कुठला? शंका रास्त आहे. जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तोही बेभरवशाचा. दुर्गादेवीचा दुष्काळ, १८७६ ते १८७८ चा दुष्काळ, १९७२ चा दुष्काळ, ही आपल्या आठवणींची पानं आहेत. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी उपाशी माणसांसाठी सरकारी कोठारं उघडली, ही आपली सर्वांत लाडकी कथा. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी तलाव खोदवला. इंग्रजांनी १८७१ मध्ये आदिला नदीवर एकरुखचा तलाव पुरा केला, त्यालाच आपण हिप्परग्याचा तलाव म्हणतो. पाऊस ओढला की कुणी धोंडी काढतं, कुणी ईदगाहच्या मैदानात जाऊन पावसासाठी नमाज पढतं. आपलं सारं लक्ष पाणी कधी येईल याकडे. ते आलं तर किती येईल आणि कुठवर चढेल, याचा हिशेब ठेवायची सवय आपल्याला लागली नाही.

पण इतिहासात हा हिशेब आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या दोन रात्री इतिहासकारांनी नोंदवून ठेवल्या आहेत. दोन्ही औरंगजेबाच्या छावणीतल्या आहेत.

मंगळवेढ्याजवळ भीमेच्या काठी ब्रह्मपुरी नावाचं गाव आहे. शेजारीच माचणूर. तिथला सिद्धेश्वर आणि किल्ला पुष्कळांनी पाहिला असेल. १६९५ च्या मे महिन्यात औरंगजेब बादशहा इथे येऊन उतरला आणि १६९९ च्या ऑक्टोबरपर्यंत, जवळजवळ साडेचार वर्षं, ब्रह्मपुरी हीच मोगल सत्तेची दख्खनमधली राजधानी झाली. गावाचं नाव बदलून त्याने इस्लामपुरी केलं. माचणूरचा किल्ला याच मुक्कामातला. छावणी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे चार तंबू येतात. बादशहाची छावणी म्हणजे एक चालतं शहर असे. बाजार, तबेले, हत्तीखाने, कारखाने, सरदारांची बिऱ्हाडं असा सगळा संसार. मुक्काम लांबला तसे सरदारांनी नदीकाठी कायमचे वाडेही बांधले. नदीकाठ सोयीचा होता. पाणी जवळ, जागा सपाट.

१६९७ च्या पावसाळ्यात भीमेला पूर आला. खाफीखान या इतिहासकाराने त्याचं वर्णन केलं आहे. पाणी मध्यरात्री चढलं, छावणी झोपेत होती. त्याच्या सांगण्याप्रमाणे दहा ते बारा हजार माणसं वाहून गेली. घोडे, बैल, तंबू, सामान यांना तर गणतीच नव्हती. काही घरं अशी गेली की जागेवर खूणही उरली नाही. त्या काळच्या आकड्यांत थोडं कमीजास्त धरलं, तरी अनर्थ मोठा होता यात शंका नाही. सैन्यात भीती पसरली, तेव्हा बादशहाने आपल्या हाताने कागदांवर दुआ लिहिल्या आणि पाणी उतरावं म्हणून ते कागद नदीत सोडायला सांगितले.

बादशहाविषयी ज्याचं त्याचं मत असो. मला त्या चित्रातली असहायता थांबवते. काबूलपासून दख्खनपर्यंत ज्याचा हुकूम चालत होता, तो माणूस नदीला कागदावर विनंतीअर्ज करतो आहे. आणि ज्यांना वाड्याचा दगडी जोता नव्हता, ते भिश्ती, मोतद्दार, भोई, शिपाई यांचं काय झालं? इतिहासात त्यांचा उल्लेख एका आकड्यात आटोपला आहे. त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत.

दुसरी रात्र तीन वर्षांनंतरची. साताऱ्याचा अजिंक्यतारा आणि परळीचा सज्जनगड घेऊन १७०० च्या पावसाळ्यात दमलेली, चिखलाने बेजार झालेली मोगल फौज माण नदीच्या काठी खवासपूरला येऊन उतरली. हे खवासपूर आज सांगोला तालुक्यात आहे. माण ही कशी नदी आहे, हे सांगोलेकरांना सांगायला नको. पात्र रुंद आणि बहुतेक वेळा कोरडं. फौजेने दोन्ही काठांवर आणि त्या कोरड्या पात्रातही तंबू ठोकले. ऑक्टोबरच्या आरंभी वरच्या डोंगरांत जोराचा पाऊस झाला आणि ऐन मध्यरात्री लोंढा आला. एकच आरडाओरडा झाला. जदुनाथ सरकारांनी हा प्रसंग दिला आहे. आरोळ्या ऐकून बादशहाला वाटलं की मराठे छावणीत शिरले. तो घाईने उठला, अडखळला आणि त्याचा उजवा गुडघा निखळला. हकिमांना तो नीट बसवता आला नाही आणि बादशहा उरलेलं आयुष्य लंगडत राहिला. दरबारी मंडळींनी त्यातूनही वाट काढली. ते म्हणाले, तैमूरलंग आपला पूर्वज, हे लंगडणं म्हणजे त्याचाच वारसा!

या दोन रात्री मी मनोरंजनासाठी सांगितल्या नाहीत. आपल्या जिल्ह्यात पूर दोन तऱ्हांनी येतो आणि त्या दोन्ही तऱ्हा या दोन रात्रींत दिसतात.

पहिली तऱ्हा भीमेची. हा पूर पाहुणा आहे. भीमा भीमाशंकरला उगवते. इंद्रायणी, मुळा-मुठा यांचं पाणी घेऊन ती आपल्याकडे येते आणि नीरा नरसिंहपूरला नीरा तिला मिळते. पाऊस पडतो सह्याद्रीत, पूर येतो पंढरपुरात. आपल्याकडे ऊन पडलेलं असतं, धूळ उडत असते आणि चंद्रभागा घाट बुडवून वर चढत असते. हा पूर बहुतेक वेळा जुलै, ऑगस्टमध्ये येतो.

१९८० मध्ये उजनी धरण पुरं झालं आणि या पाहुण्याच्या वाटेवर दरवाजा बसला. एक नव्हे, ४१ दरवाजे. धरणात सुमारे ११७ अब्ज घनफूट पाणी मावतं. त्यातलं निम्म्याहून जास्त मृतसाठ्यात जातं. पण धरणाची अडचण समजून घेतली पाहिजे. दुष्काळी जिल्ह्याला धरण काठोकाठ भरलेलं हवं असतं, कारण पुढच्या वर्षी पाऊस पडेलच याची हमी नाही. २०२३ मध्ये उजनी पुरतं भरलंच नाही आणि २०२४ च्या उन्हाळ्यात पाणी मृतसाठ्याच्याही तळाकडे गेलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये धरण भरलं आणि भीमेत पाणी सोडावं लागलं. पूर अडवायचा तर धरणात मोकळी जागा हवी आणि दुष्काळाला तोंड द्यायचं तर धरण भरलेलं हवं. एकच भांडं दोन्ही कामांना पुरं पडत नाही. शिवाय नीरेवरच्या वीर धरणातून सुटलेलं पाणी उजनीच्या खाली भीमेला मिळतं, त्यावर उजनीचा काही इलाज चालत नाही. दोन्ही पाणी एकाच वेळी आलं की पंढरपूर बुडतं.

रेडिओवर, वर्तमानपत्रांत तुम्ही क्युसेक हा शब्द ऐकता, वाचता. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर पाणी. एक लाख क्युसेक म्हणजे डोळ्याची पापणी लवून उघडेपर्यंत लाखो लिटर पाणी पुढे सरकलेलं असतं. एवढं पाणी आलं की पंढरपूरचा जुना दगडी पूल दिसेनासा होतो आणि व्यासनारायण झोपडपट्टी, अंबाबाई पटांगण या भागांतल्या माणसांना हलवायची धावपळ सुरू होते.

पंढरपुरात पूर कळलेली एक वास्तू आहे. भक्त पुंडलिकाचं मंदिर. ते चंद्रभागेच्या पात्रातच उभं आहे. पाणी चढतं तसं ते बुडत जातं, कधी शिखरच तेवढं दिसतं, आणि पाणी उतरलं की पुन्हा उभं राहतं. या मंदिराचे पुजारी महादेव कोळी आहेत, नदीवर वाढलेली माणसं. पाणी कधी येईल, कुठवर येईल, हे त्यांच्या पिढ्यांना माहीत. नदीच्या जागेत राहायचं तर नदी आली की जागा रिकामी करायची, हा करार त्या मंदिराने पाळला आहे. झोपडपट्टीतल्या माणसाला मात्र असा करार परवडत नाही. त्याची पत्र्याची खोली, कोठीतलं धान्य, मुलांची दप्तरं पाण्यातून उगवून पुन्हा उभी राहत नाहीत. तो दर पुराला शाळेत किंवा मठात जातो आणि पाणी ओसरल्यावर गाळ काढायला परत त्याच जागी येतो, कारण दुसरी जागा त्याला कुणी दिलेली नसते.

दुसरी तऱ्हा माण नदीची. हा पूर घरचा आहे. तो परतीच्या पावसात येतो, उत्तरा, हस्त या नक्षत्रांत. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार होतं आणि ते आंध्र, तेलंगण ओलांडून आपल्या डोक्यावर येतं. १४ ऑक्टोबर २०२० ला असंच झालं. पाऊस सह्याद्रीत नव्हे, आपल्याच शिवारात कोसळला. पंढरपुरात कुंभार घाटाची नवी भिंत पडून पावसापासून आडोशाला उभी असलेली सहा माणसं दगावली. अक्कलकोट तालुक्यात बोरी नदीने सांगवीसारखी गावं वेढली. भीमेला वरून धरणाचं, बाजूने ओढ्यानाल्यांचं, असं दोन्हीकडून पाणी आलं.

आणि मग २०२५ चा सप्टेंबर. त्या वर्षी मे महिन्यातच एवढा पाऊस झाला की उन्हाळा संपायच्या आत उजनीत पाणी वाढू लागलं होतं. सप्टेंबरच्या उत्तरार्धात अहिल्यानगर, बीड, धाराशिव या जिल्ह्यांत अतिवृष्टी झाली. सीना त्याच वाटेने आपल्याकडे येते. सीना कोळेगाव, चांदणी, खासापुरी या प्रकल्पांतून पाणी सुटलं, वाटेत ओढे मिळाले, आणि ज्या सीनेत उजनीचं पाणी सोडा म्हणून आंदोलनं होतात, ती सीना मैल मैल रुंद झाली. करमाळा, माढा, मोहोळ, उत्तर आणि दक्षिण सोलापूर या तालुक्यांतली काठची गावं पाण्यात गेली. लांबोटीजवळ पुण्याचा महामार्ग बंद झाला, वडकबाळकडे विजयपूरचा रस्ता बंद झाला. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या बोटी आल्या, लष्कराची मदत घ्यावी लागली. दुष्काळात टँकर पाहिलेल्या गावांनी बचावाची बोट दारात पाहिली. इकडे हिप्परग्याचा तलाव सांडव्यावरून वाहू लागला आणि शहरात आपण ज्याला नाला म्हणतो, त्या आदिलाने आपण नदी असल्याची आठवण करून दिली.

पाणी उतरल्यावर खरं नुकसान दिसतं. उभा ऊस आडवा झाला, सोयाबीन कुजलं, तूर पिवळी पडली, हे तर होतंच. दावणीची जनावरं गेली. नदीवरच्या मोटारी, पाइपलाइन, ठिबकच्या नळ्या गेल्या. यातलं पुष्कळसं कर्ज काढून पुन्हा उभं करता येतं. पण जमीन खरवडून जाते, तेव्हा काय करायचं? काळ्या मातीचा थर वाहून जातो आणि खालचा मुरूम उघडा पडतो. सरकारने अशा जमिनीसाठी हेक्टरी ४७ हजार रुपये रोख आणि रोजगार हमीतून हेक्टरी तीन लाख रुपये जाहीर केले. मदत हवीच होती. पण माती ही बाजारात मिळणारी वस्तू नाही. एक बोटभर सुपीक माती व्हायला माणसाच्या कितीतरी पिढ्या जाव्या लागतात.

आता प्रश्न असा की, जुनी माणसं या नद्यांच्या काठी शेकडो वर्षं राहिली ती कशी? उत्तर आपल्या भाषेतच आहे. जुन्या गावाचे दोन भाग असत, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेतजमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. पांढरी बहुधा उंचवट्यावर असे. पिढ्यान् पिढ्या घरं पडून, पुन्हा बांधून ती आणखी उंच होत गेली. नदीकाठच्या अनेक गावांत आजही जुनं गावठाण चढावर दिसेल. काठची मळई जमीन पिकासाठी होती, राहण्यासाठी नव्हती. पूर आला तर पीक जाई, पण माणूस वाचे. नंतर वीज आली, मोटार आली, ऊस आला. शेतकरी रानातल्या वस्तीवर राहायला गेला. यात त्याचं काही चुकलं नाही. रात्रीची वीज, राखण, दुभती जनावरं, सगळं रानात. पण पांढरी खाली उतरून काळीत आली आणि शहरांत तर ती थेट पात्रात आली. कोरड्या वर्षांत नदी अरुंद दिसते. आपण तेवढीच नदी खरी धरतो. खवासपूरच्या छावणीनेही हेच केलं होतं.

आपला शेजारी सांगली जिल्हा घ्या. सांगलीतल्या कुणालाही विचारा, पाणी किती आहे? तो फुटांत सांगेल. आयर्विन पुलावर ४५ फूट म्हणजे धोक्याची पातळी, हे तिथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असतं. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, हेही तो सांगेल. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याचे आकडे असेच तोंडपाठ. त्या माहितीने पूर थांबत नाही, पण गाडी कधी वर न्यायची, म्हैस कधी सोडायची, हे घराघराला कळतं. सीनेच्या, माणच्या, बोरीच्या काठी असा सर्वांच्या तोंडी असलेला आकडा कुठे आहे?

कागदावर रेषा आहेत. जलसंपदा खातं नदीकाठी दोन पूररेषा आखतं. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची तांबडी. निळ्या रेषेच्या आत वस्ती नको, असा त्याचा अर्थ. पण रेषा नकाशावर राहते आणि प्लॉट जमिनीवर पडतात. घर घेणारा माणूस नकाशा पाहायला कचेरीत जात नाही. त्याला रेषा दिसली पाहिजे ती शाळेच्या भिंतीवर, चावडीवर, मशिदीच्या आणि देवळाच्या पायरीवर, पुलाच्या खांबावर. २०२५ मध्ये पाणी कुठवर आलं, हे सांगणारी माणसं आज गावोगाव आहेत. भिंतींवरचे गाळाचे डाग पुसट होत चालले आहेत. आत्ताच तिथे रेघ मारून साल लिहिलं, तर ती राहील. दहा कोरडी वर्षं गेली की कुणाला आठवणार नाही.

जपानमध्ये आनेयोशी नावाचं छोटं गाव आहे. समुद्राच्या लाटेने दोनदा होत्याचं नव्हतं झाल्यावर तिथल्या लोकांनी डोंगराच्या चढावर एक दगड रोवला आणि त्याच्या खाली घर बांधू नका असं त्यावर कोरलं. गावकऱ्यांनी ते ऐकलं. २०११ च्या महाभयंकर त्सुनामीत लाट त्या दगडाच्या थोडी खालीच थांबली आणि वरची घरं वाचली. त्या गावाला वाचवायला मोठी यंत्रणा नव्हती. पणजोबांचं म्हणणं पणतूपर्यंत पोचलं, एवढंच.

लहानपणी मदरशात ऐकलेली एक हदीस मला या निमित्ताने सांगावीशी वाटते. दुष्काळ पडला म्हणून एका माणसाने पैगंबरसाहेबांना पावसासाठी दुआ मागायला सांगितलं. त्यांनी दुआ मागितली आणि आठवडाभर पाऊस थांबेना. पुढच्या शुक्रवारी पुन्हा तक्रार आली, घरंदारं चालली, वाटा बंद झाल्या. तेव्हा त्यांनी पाऊस बंद व्हावा असं म्हटलं नाही. तो आमच्यावर नको, आमच्या भोवती पडो, टेकड्यांवर, दऱ्यांत, झाडांच्या मुळाशी पडो, अशी दुआ त्यांनी केली. पाण्याला त्याची जागा असते, हे त्या दुआत आलं आहे. ब्रह्मपुरीला बादशहाने नदीत कागद सोडले, तेव्हा तिची जागा छावणीने आधीच व्यापली होती.

शेवटी एका ठिकाणाचं नाव घेतो. दक्षिण सोलापूर तालुक्यात हत्तरसंग कुडल आहे. तिथे सीना भीमेला मिळते. म्हणजे आज मी सांगितलेले दोन्ही पूर, पाहुणा आणि घरचा, तिथे एकमेकांना भेटतात. त्याच संगमावरच्या संगमेश्वर मंदिरात शके ९४० चा, म्हणजे इ. स. १०१८ चा, मराठी शिलालेख आहे. सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. मराठीच्या अगदी पहिल्या कोरीव लेखांत त्याची गणना होते. हजार वर्षांत त्या संगमाने किती पूर पाहिले असतील! दगडावर कोरलं म्हणून ती अक्षरं आपल्यापर्यंत पोचली. आपल्या गावच्या पुलावर, चावडीवर पाण्याची एक रेघ आणि तिच्याखाली साल, एवढं कोरायला फार खर्च येत नाही. पुन्हा एखाद्या रात्री कुणीतरी 'नदी आली' म्हणून ओरडेल, तेव्हा कुठवर पळायचं हे आपल्या नातवंडांना त्या रेघेवरून कळेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)